सालदार, कमैया आणि आपलं सभागृह : शेजारी देशासोबत जाहीर चर्चा भरवणाऱ्या नवख्यांसाठी

कॉलेज सुरू होऊन महिना झाला की एक परिपत्रक हमखास येतं. विभागाने वर्षभरात निदान एक आंतरराष्ट्रीय कार्यक्रम घ्यावा, असा त्याचा सूर असतो. स्टाफरूममध्ये ते मोठ्याने वाचलं जातं आणि सगळ्यांच्या नजरा सर्वांत नव्या माणसाकडे वळतात. तो बहुतेक तासिका तत्त्वावरचा असतो, त्यामुळे त्याला नाही म्हणता येत नाही.

मी त्या खुर्चीत बसलो आहे. पहिल्या वर्षी मी ठेवलेलं नाव होतं ‘भारत व शेजारी राष्ट्रे : सामाजिक समस्या व उपाय’. दोन तासांत गरिबी, लोकसंख्या, प्रदूषण, व्यसनाधीनता, दहशतवाद असं सगळं येऊन गेलं. चाळीस मिनिटं दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळात गेली. जाता जाता मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, “सर, मग नेपाळचं काय ठरलं?” तो चेष्टा करत नव्हता. काहीतरी ठरणार आहे या समजुतीने तो बिचारा दोन तास बसून राहिला होता.

त्यानंतर असे कार्यक्रम आणखी चार केले. दोन बरे झाले, एक फसला, एक खरंच चांगला झाला. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो. मी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या पट्ट्यातली कॉलेजं डोळ्यासमोर ठेवून लिहितो आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांना यातलं निम्मं लागू पडणार नाही.

आधी प्रश्न, मग देश

सगळे आधी देश ठरवतात. ‘बांगलादेशवर घेऊ’, ‘श्रीलंकेवर घेऊ’ अशी सुरुवात झाली की चर्चा त्या देशाच्या सामान्यज्ञानावर जाते आणि राजधानी, चलन, पंतप्रधान यांत अडकते. प्रश्न आधी शोधा, आणि तो आपल्या तालुक्यातला असू द्या. माझी कसोटी साधी आहे : मुलाने संध्याकाळी जेवताना घरात विचारला तर आजोबांना किंवा आईला उत्तर देता येईल, असा प्रश्न हवा. ‘दक्षिण आशियातील मानवी तस्करी’ या विषयावर शिंदखेड्याच्या आजोबांकडे बोलायला काही नसतं. ‘साल कसं ठरायचं?’ असं विचारा, ते रात्र जागवतील.

हा सालदारीचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचा विषय मला सर्वांत फळला, म्हणून तोच घेऊन पुढचं सांगतो. खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू होतं आणि आखाजीलाच संपतं. अक्षय्य तृतीयेला घागर भरली, आमरस-पुरणपोळी झाली, की ओट्यावर बसून पुढच्या वर्षाचं बोलणं होतं : रोकड किती, धान्य किती, कपडे कुणाचे, आधी उचल किती. आता सालदार मिळत नाही म्हणून शेतकरी रडतो, तो भाग वेगळा. पण ही पद्धत मोडलेली नाही आणि शब्द तर अजिबात मेलेला नाही.

आता नेपाळकडे या. नेपाळच्या पश्चिम तराईत दांग, बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर असे पाच जिल्हे आहेत. तिथे थारू समाजात कमैया नावाची पद्धत होती. कमैयाचंही वर्षाचंच बोलणं व्हायचं आणि त्याचा दिवस होता माघी, म्हणजे आपली मकरसंक्रांत. थारूंचं नवं वर्ष तेच. गावाचा प्रमुख, ज्याला ते बडघर म्हणतात, तोही त्याच दिवसांत निवडतात. मालकाकडून घेतलेल्या कर्जाला शब्द होता सौंकी. सौंकी फिटली नाही तर कमैया दुसऱ्या मालकाकडे जाऊ शकत नसे, आणि गेलाच तर नवा मालक ती सौंकी भरून त्याला घेऊन जाई. घरातल्या मुलींना मालकाच्या घरी कामाला धाडायचे, त्या कमलरी. १७ जुलै २००० रोजी नेपाळ सरकारने कमैया मुक्त झाल्याचं जाहीर केलं, २००२ मध्ये त्याचा कायदा झाला. कमलरी प्रथा संपल्याची घोषणा व्हायला मात्र २०१३ उजाडलं.

आमच्याकडे वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६चा आहे. म्हणजे आपण पाव शतक पुढे. पण कायदा पुढे असूनही शहादा-तळोद्यात सालदारांची मजुरी आणि आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी यांसाठी १९७०च्या दशकात आदिवासींचे नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेला रान उठवावं लागलं होतं. हे दोन्ही एका फळ्यावर मांडलं की चर्चेला विषय द्यावा लागत नाही.

एक सावधगिरी. प्रत्येक सालदार वेठबिगार नसतो, आणि तसं व्यासपीठावरून बोललात तर सभागृहातली अर्धी शेतकऱ्यांची पोरं उठून जातील, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. कायद्याची रेघ कुठे आहे ते नीट वाचून जा. उचलीच्या बदल्यात माणूस फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबत असेल, किंवा त्याला दुसरीकडे काम करायचं, हवं तिथे जायचं स्वातंत्र्यच उरत नसेल, तर ती वेठबिगारी. त्याच्या जोडीला १९८२चा दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांचा निकाल ठेवा. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं हेही राज्यघटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरीच होय.

दुसरा विषय हवा असेल तर बालविवाह घ्या. भारतात मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१, नेपाळात दोघांचंही २०, बांगलादेशात भारतासारखंच १८ आणि २१, पण २०१७च्या कायद्यात ‘विशेष परिस्थिती’ची एक पळवाट ठेवलेली. एवढ्या तीन ओळींवर दीड तास बोलता येतं, आणि मुली बोलतात.

नेपाळच का, आणि पाहुणा आणायचा कुठून

व्यवहाराची बाजू सांगतो. नेपाळी नागरिकाला नेपाळातून भारतात यायला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र असलं की भागतं. भूतानसारखा अपवाद सोडला तर इतर शेजाऱ्यांच्या पाहुण्याला परिषदेसाठीचा व्हिसा, मंजुऱ्या आणि पत्रव्यवहार असं बरंच लागतं, आणि जिल्ह्याच्या कॉलेजचा कारकून त्या वाटेला गेलेला नसतो. पाहुणा नेपाळचा असला तरी प्राचार्यांची लेखी परवानगी आणि विद्यापीठाला एक माहितीपत्र हे दोन कागद करूनच ठेवा. ऑनलाइन कार्यक्रमाचंही तेच. मानधन द्यायचं असेल तर आधी हिशेबनीसाला विचारा. परदेशी माणसाच्या खात्यात पैसे टाकणं म्हणजे शेजारच्या कॉलेजच्या सरांना पाकीट देणं नव्हे.

पहिला पाहुणा शोधायला काठमांडूला जायची गरज नाही. तुमच्या शहरातल्या मोमोच्या गाडीवर, चायनीजच्या स्वयंपाकघरात, सोसायटीच्या फाटकावर तो आधीच आलेला आहे. त्याच्याशी बोला, पण त्याला लगेच स्टेजवर बसवू नका. त्याचं कारण खाली येईल. अभ्यासक हवा असेल तर काठमांडूजवळच्या कीर्तिपूरच्या त्रिभुवन विद्यापीठाच्या समाजशास्त्र किंवा मानवशास्त्र विभागाला पत्र लिहा. ते इंग्रजीत, एका पानाचं असावं आणि त्यात प्रश्न स्पष्ट असावा. ‘आपण आमच्या कार्यक्रमाची शोभा वाढवावी’ छापाच्या पत्राला उत्तर येत नाही. दिल्लीत साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे, सार्क देशांनी मिळून काढलेली. तिथे नेपाळी संशोधक विद्यार्थी असतात. मला आजवरचा सर्वांत चांगला वक्ता असाच विद्यार्थ्यांतून मिळाला.

पाहुणा रस्त्याने येणार असेल तर सुनौलीची सीमा ओलांडून गोरखपूर आणि तिथून कुशीनगर एक्स्प्रेसने भुसावळ. गाडी उशिरा येते, तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच पोहोचेल असं पाहा. उन्हाळ्यात मात्र बोलावू नका. भुसावळच्या मे महिन्यात डोंगरातल्या माणसाला उतरवणं हे आदरातिथ्य नव्हे.

तारीख

इथे सगळ्यांत जास्त घोळ होतो. आपलं कॅलेंडर बघून तारीख ठरते आणि मग कळतं की पाहुणा दशैंसाठी गावी गेलाय. दशैं म्हणजे आपलं नवरात्र-दसरा, पण त्यांची सुट्टी मोठी. पाठोपाठ तिहार, म्हणजे दिवाळी. शनिवार त्यांचा सुट्टीचा वार. सरकारी कागदांवर विक्रम संवत, आपल्या इसवी सनाच्या ५७च्या आसपास पुढे, आणि वर्ष बदलतं एप्रिलच्या मध्यात. पत्रात कमैया कायद्याचं साल ‘२०५८’ दिसलं तर टायपिंगची चूक समजू नका.

आपल्याकडचं गणित आणखी अवघड. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर घर सोडतात. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातली बरीच माणसं गुजरातच्या कारखान्यांकडे जातात. होळीला सातपुड्यातला आदिवासी जमेल तिथून परत येतो, आणि तेव्हा आमच्या परीक्षा. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशी देवीच्या, रविवारी वसतिगृह रिकामं. मग उरतं काय? गणपती उठल्यावर आणि घट बसण्याच्या आधीचा पंधरवडा. पितृपक्ष आहे म्हणून एखादे ज्येष्ठ सर नाक मुरडतील. त्यांना उद्घाटनाला बोलावू नका, समारोपाला बोलावा.

वेळेची एक गंमत. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. मी निमंत्रणात नुसतं ‘सकाळी ११’ लिहिलं होतं. ठरलेल्या बाई त्यांच्या अकराला ऑनलाइन आल्या तेव्हा आमच्याकडे पावणेअकरा वाजले होते आणि लॅपटॉपचा चार्जर कुणाच्या कपाटात आहे यावर खल चालला होता. पंधरा मिनिटं त्या थांबल्या. मग आमचं स्वागतगीत, मग प्रास्ताविक, मग प्रास्ताविकावरचं प्रास्ताविक. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांचा तास सुरू झाला होता आणि पडद्यावर फक्त त्यांचं नाव उरलं होतं. तेव्हापासून मी दोन्ही वेळा लिहितो : भारतीय ११.००, नेपाळी ११.१५. शिवाय पाहुण्याकडून दहा मिनिटांचं बोलणं आधीच रेकॉर्ड करून मागवतो. आपल्या भागात वीज आणि नेट दोघांचाही भरवसा नाही.

तीन बैठका आणि एक तक्ता

कार्यक्रम चांगला झाला की नाही हे त्या दिवशी ठरत नाही, आधीच्या तीन आठवड्यांत ठरतं. वीस-पंचवीस मुलं निवडा, टॉपर नकोत, जी गावाहून येऊन-जाऊन करतात ती घ्या. आठवड्याला एक बैठक.

पहिल्या बैठकीत मी काही शिकवत नाही. घरी विचारायचे चार प्रश्न देतो. आपल्या घरात कुणी सालदार होतं का, किंवा कुणी ठेवला होता का? साल केव्हापासून केव्हापर्यंत? काय मिळायचं? मध्येच सोडून गेला तर काय व्हायचं? दोन्ही बाजूंची मुलं एकाच वर्गात असतात, हे विसरू नका. मालकाचा नातू आणि सालदाराची नात एका बाकावर बसतात आणि त्यांना ते ठाऊकही असतं.

एका मुलीने आणलेली माहिती मी अजून विसरलेलो नाही. तिच्या आजोबांना रक्कम आठवेना, की सांगायची नव्हती, कोण जाणे. पण कुठल्या वर्षी ठरलेला वहाणांचा जोड मिळाला नाही, ते साल त्यांना बरोबर आठवत होतं. मध्येच सोडून जाण्याबद्दल ते अहिराणीत एवढंच म्हणाले, “उचल लिधी का साल गयं.” तिने ते वहीत जसंच्या तसं लिहून आणलं. पुढे तेच आमच्या कार्यक्रमाचं नाव झालं, आणि बॅनरवर अहिराणी बघून प्राचार्य दोन दिवस अस्वस्थ होते.

दुसऱ्या बैठकीत तक्ता. भिंतीवर मोठा कागद लावायचा, मध्ये रेघ, एका बाजूला आपले शब्द, दुसऱ्या बाजूला नेपाळचे. उचलीसमोर पेस्की. आपल्या जुन्या कागदांतली पेशगी ती हीच. मुकादमासमोर नाइके, वीटभट्टीवर टोळी आणणारा. भट्टीला ते इँटाभट्टा म्हणतात. सालदारासमोर कमैया, फिरत राहणाऱ्या कर्जासमोर सौंकी. सावकारासमोर साहू. मजुरीसमोर ज्याला. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे आमची मुलं त्यांचं पत्रक सरळ वाचतात, ही केवढी सोय आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. पाहुण्याला ते पाहुनाच म्हणतात. फसवे शब्दही आहेत. नेपाळी पत्रकावर ‘बालिकालाई शिक्षा’ वाचून एक पोरगा हसत सुटला. तिथे शिक्षा म्हणजे शिक्षण. हिंदीमुळे हे सगळ्यांना माहीत असतं, पण देवनागरीत समोर आलं की डोळा मराठीतच वाचतो.

तक्त्याचा खरा उपयोग रिकाम्या जागा दाखवण्यात आहे. ‘कोयता’ म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, मजुरी दोघांची मिळून. त्यासमोर काय लिहायचं ते कुणालाच कळेना. तो प्रश्न आम्ही पाहुण्यासाठी राखून ठेवला आणि त्यावरच चर्चा सर्वांत जास्त रंगली : कमैयाच्या बोलीत त्याच्या बायकोचं काम धरलेलं असायचं का, आणि मोजलेलं असायचं का.

पैशांचे आकडे आले तर एक गोष्ट मुलांना घोकून घ्यायला लावा : १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. नाहीतर नेपाळी मजुरीचा आकडा ऐकून ‘अरे, त्यांना आपल्यापेक्षा जास्त मिळतं’ असं कुणीतरी नक्की म्हणतं.

तिसऱ्या बैठकीत सीमा घ्यायची. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ तहातल्या सातव्या कलमाने दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्या-फिरण्याची, मालमत्तेची, व्यापाराची मुभा आहे. नेपाळी माणूस आखाती देशात कामाला निघाला तर त्याला स्वतःच्या सरकारची श्रम स्वीकृती घ्यावी लागते, म्हणजे कुठेतरी त्याची नोंद राहते. भारतात यायला ती लागत नाही. मोकळं दार, पण दारावर नोंदवहीच नाही. काही बरंवाईट झालं तर हा माणूस इथे होता हे सिद्ध करण्यापासून सुरुवात.

आता धडगाव किंवा अक्कलकुव्याचं कुटुंब घ्या. ते रातोरात टेम्पोत बसून गुजरातेत जातं. त्यालाही कुणी अडवत नाही, ते आपल्याच देशात आहे. पण ऊसतोड कामगारांसाठी महाराष्ट्राने काढलेलं महामंडळ, मुलाची शाळा, अंगणवाडीची नोंद हे सगळं सीमेच्या अलीकडे राहतं. ते कुटुंब किती दिवस कुठे होतं, ते मुकादमाच्या वहीत. भिल्ल समाज चार राज्यांत वाटला गेलाय, थारू दोन देशांत. इकडे उत्तर प्रदेश, उत्तराखंड, बिहारमध्येही थारू आहेत. वाट मोकळी असणं आणि वाटेवर आपलं नाव असणं यांत किती फरक आहे, हे मुलांनी स्वतः फळ्यावर मांडलं तर पाहुण्यासमोर ती ‘नेपाळबद्दल’ विचारत नाहीत. आपली गोष्ट सांगून ‘तुमच्याकडे कसं?’ असं विचारतात. उलट्या दिशेची माणसंही सांगा. नेपाळच्या वीटभट्ट्यांवर भारतातले मजूरही जातात, हे ऐकून आमची मुलं चकित झाली होती.

निसरड्या जागा

नकाशा लावू नका. २०२० मध्ये नेपाळने कालापानी, लिपुलेख आणि लिंपियाधुरा आपल्या हद्दीत दाखवणारा नवा नकाशा काढला, भारताला तो मान्य नाही. तुम्ही इंटरनेटवरून उचललेला नकाशा कुठलाही असो, कुणीतरी दुखावणारच, आणि तुमचा कार्यक्रम मजुरीवर असताना बातमी नकाशाची होईल. आम्ही फळ्यावर खडूने नुसती वाट काढतो : गाव, स्टँड, स्टेशन, कारखाना.

१९५० च्या तहाची फार स्तुतीही करू नका. आपल्याला तो उदारपणा वाटतो, नेपाळात त्यावर कडू वाद आहेत. २०१५-१६ मधल्या भारत-नेपाळ सीमेवरच्या नाकाबंदीचा प्रश्नही येऊ शकतो. आला तर पाहुण्याला दोन मिनिटं बोलू द्या, टाळू नका, आणि सूत्रधाराने ‘यावर वेगळा कार्यक्रम व्हावा’ म्हणून गाडी रुळावर आणावी. आमच्याकडे एकाने पाकिस्तान-चीन सुरू केलं होतं. त्याला मी कमैया कोणत्या सणाला ठरायचा, ते विचारलं.

आणि ‘बहादूर’ हा शब्द. ते लोकांचं खरंखुरं नाव असतं, पण आपण कुठल्याही नेपाळी माणसाला त्या नावाने हाक मारतो. ‘गुरखा’ म्हणजे वॉचमन, हेही तसंच. मुलांना आधी सांगा. पाहुण्यासमोर सांगायची वेळ आली तर उशीर झालेला असतो.

राबणारा माणूस व्यासपीठावर

इथे मी चुकलो आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तिसऱ्या वर्षी सातपुड्यातल्या एका पाड्यावरून एक बाई बोलायला आल्या होत्या. पावरी बोलीत बोलत होत्या, आमची एक विद्यार्थिनी मराठी करून सांगत होती. छान चाललं होतं. मुकादमाचं नाव न घेता त्या हिशेब सांगू लागल्या आणि आमच्या उत्साही फोटोग्राफरने अगदी जवळ जाऊन फ्लॅश मारला. बाई थांबल्या. पदर पुढे ओढला आणि खाली बसल्या. नंतर कळलं, मागच्या दारात त्यांच्याच गावचा एक माणूस उभा होता, टोळी भरणारा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. जाहीर कार्यक्रम, कुणीही येतं. त्या वर्षी त्यांना उचल मिळायला अडचण झाली, असं आमच्या विद्यार्थिनीने सांगितलं. मी त्यावर काही करू शकलो नाही.

तेव्हापासून माझे नियम ठरले. ज्याची रोजीरोटी त्याच मालक-मुकादमावर अजून अवलंबून आहे त्याला स्टेजवर बोलावत नाही. तो नेपाळी चायनीजवाला असो नाहीतर आपला ऊसतोड्या. त्याचं म्हणणं मुलं आधी जाऊन ऐकतात आणि नाव-गाव न सांगता मांडतात. ज्याने ते काम सोडलं आहे, तो स्वतःहून तयार असेल तर बोलावतो. फोटो त्याला विचारून, आणि तोही कार्यक्रम संपल्यावर. बुडालेल्या दिवसाची मजुरी आणि येण्या-जाण्याचं भाडं पाकिटात घालून आधी देतो, शेवटी सत्कारात नाही. शाल देत नाही. त्यापेक्षा शालीचे पैसे त्या पाकिटात टाका.

दीड तास, त्याहून जास्त नाही

स्वागत पाच मिनिटं. दीपप्रज्वलन हवंच असेल तर चहाच्या आधी, पाहुणा यायच्या आत उरका. मग मुलांनी तक्ता मांडायचा, पंधरा मिनिटं. मग पाहुणा पंचवीस मिनिटं, हिंदी किंवा इंग्रजीत, आणि दर पाच-सहा मिनिटांनी एका विद्यार्थ्याने त्याचा सार मराठीत सांगायचा. अहिराणीत सांगितला तर सभागृह जागं होतं, हा अनुभव. पाहुण्याला २००० सालच्या त्या घोषणेनंतर पुढे काय झालं, ते विचारायला विसरू नका. मुक्ती भर पावसाळ्यात जाहीर झाली. मालकांनी हजारो कुटुंबांना घराबाहेर काढलं आणि ती रस्त्याकडेच्या जागांवर, ताडपत्रीखाली राहिली. जमीन मिळायला कित्येकांना वर्षं लागली. कायदा आणि छप्पर यांच्या मधला हा पावसाळा मुलांना चटकन कळतो.

उरलेली पंचेचाळीस मिनिटं प्रश्नांची. माइक फिरवला की तीच चार मुलं बोलतात, आणि त्यातली दोन भाषण करतात. चिठ्ठ्या घ्या. चिठ्ठीवर मुली लिहितात, आणि मागच्या रांगेतलेही. सूत्रधाराने चिठ्ठ्या वाचताना निवड करावी, पण अडचणीची चिठ्ठी खिशात घालू नये. एकदा चिठ्ठीत आलं होतं : “आमच्याकडे दोन सालदार आहेत. माझे वडील वाईट आहेत का?” सभागृह गप्प झालं. नेपाळी पाहुण्याने हिंदीत उत्तर दिलं, “बाबांना विचार, तो उद्या सोडून जातो म्हणाला तर काय कराल?” त्या दिवशी मी प्रश्न तिथेच थांबवले, वेळ शिल्लक असूनही.

दुसऱ्या दिवशी

फाइलसाठी फोटो आणि उपस्थितीपत्रक लागणारच, त्यावर नाकं मुरडण्यात अर्थ नाही. ते एका मुलाकडे सोपवा आणि मोकळे व्हा. दोन पानांचा वृत्तान्त मराठीत लिहा, एक प्रत पाहुण्याला पाठवा. तो देवनागरी वाचतो, निम्मं त्याला समजतं आणि उरलेल्यासाठी तो फोन करतो. माझ्या तीन ओळखी अशाच टिकल्या.

मग मुलांकडून एक अर्ज करून घ्या. १९७६ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याला आणि प्रत्येक उपविभागाला दक्षता समिती असायला हवी, जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. माहितीच्या अधिकारात साधे तीन प्रश्न : समितीवर कोण कोण आहे, मागच्या तीन वर्षांत बैठका किती झाल्या, इतिवृत्ताच्या प्रती मिळाव्यात. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावायचं. अर्ज मुलांनी स्वतःच्या नावाने करावा, कॉलेजच्या लेटरहेडवर नको, नाहीतर प्राचार्यांना फोन येतो. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. आमच्या मुलांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला अर्ज दिला होता. उत्तराचं पाकीट आलं तेव्हा पाड्यांवरचे टेम्पो निघून गेले होते, आणि अर्जावर सही करणाऱ्या पाच जणांतला एक त्या टेम्पोत होता. त्याची प्रत मी टपालाने पाठवली नाही. होळीला तो येतो, तेव्हा हातात दिली.